पोळपाटावरची रेघ

भांडीकुंडी बोलायची तेव्हाची गोष्ट. चिरण्याचा मान कुणाचा, यावरून लाकडी फळी आणि नवा प्लॅस्टिकचा बोर्ड भांडत होती.

"फळीमावशी, तुमच्यावर सफरचंद कापलं तरी लसणाचा वास!"

"आणि तुझा चुरा कोशिंबिरीत जातो, त्याचं काय रे?"

"अहो, हळू! वहिनी घाईत आहेत," पोळपाट म्हणाला. आपल्या गुळगुळीत अंगावर सुरी चालली तर, या धास्तीने तो तिन्ही पायांवर मागे मागे सरकत होता.

ढकलाढकलीत दोघंही पिठाच्या डब्यामागे पडली. वहिनींना फळी सापडेना, बोर्डही सापडेना. त्यांनी पोळपाट ओढला आणि त्यावरच कांदा चिरला.

तेव्हापासून भाजी फळीवर, मासळी बोर्डावर. पण त्या घरच्या प्रत्येक पोळीवर एक रेघ उमटते, आणि ती दिसली की दोघं मुकाट्याने आपापल्या जागी सरकतात.