छान मिट बघू

“मग दातांच्या तारा आजच काढून टाकू ना, सर? की सोमवारी?”

पराग अजून बसलाही नव्हता. चपला काढता काढताच त्यानं हा प्रश्न दारातून आत टाकला.

मुजावरसरांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते.

“ही सूनबाई?”

“हो सर. चार महिने झाले लग्नाला.”

“आणि चार महिन्यांत तिला हमाल केलंस?”

माझ्या हातात खोका होता. त्यात सारिकाचे प्लास्टरचे दात होते, दोन वर्षांपूर्वीचे आणि आत्ताचे. कोल्हापूर ते मिरज मी तो मांडीवर सांभाळून आणला होता. गाडीत शेजारच्या आजींना वाटलं, पेढे असावेत. मी झाकण उघडून दाखवलं. त्यानंतर त्या मिरज येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या.

मुजावरसर म्हणजे डॉक्टर बाबालाल मुजावर. वाकडे दात आणि अडलेले जबडे सरळ करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली, आणि परागसारखे कितीतरी डॉक्टर त्यांच्या हाताखालून गेले. आता ते निवृत्त आहेत. घराच्या पुढच्या खोलीत एक जुनी खुर्ची ठेवली आहे. आठवड्यातून तीन दिवस सकाळी ते तिथं बसतात आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या अडलेल्या केसेस बघतात.

परागची केस मात्र अडलेली नव्हती. उलट ती सुटली होती, आणि तेच दाखवायला आम्ही आलो होतो.

सरांनी मान डोलावली की तारा निघणार होत्या. पुढच्या महिन्यात पुण्याच्या परिषदेत पराग ही केस मांडणार होता. भाषण तयार होतं. मी ते दोनदा ऐकलं होतं, त्यातलं एकदा जेवताना.

सारिका शिरोळहून परस्पर आली होती आणि भिंतीकडेच्या बाकावर बसली होती. वय बावीस. शिरोळच्या एका दुकानात ती ब्लाउज शिवते.

“काय त्रास होता, बाळ?” सरांनी तिला विचारलं.

उत्तर परागनं दिलं. “सर, खालचा जबडा लहान, मागे गेलेला. वरच्या आणि खालच्या दातांत अंगठा जाईल एवढी फट. सांगलीत दोघांनी सांगितलं होतं, हाडाचा दोष आहे, ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही. मी म्हटलं, बघू या.”

“मी तिला विचारलं.”



सारिका जरा सरसावून बसली. “दोरा तुटत नव्हता, सर.”

“दोरा?”

“दातानं. दुकानात सगळ्या दातानं तोडतात. माझे पुढचे दात एकमेकांना लागायचेच नाहीत. मग कात्री शोधत बसायचं. बाकीच्या पोरी हसायच्या. म्हणायच्या, सारिकाला लग्नात कात्रीच देऊ या.”

“आणि आता?”

“आता तुटतो की!” पराग म्हणाला. “दाखव गं.”

तिनं पर्समधून रीळ काढलं. ते तिनं घरूनच आणलं होतं, म्हणजे दाखवायचं हे आधी ठरलेलं असणार. दोरा पुढच्या दातांत धरला, झटका दिला. तटकन तुटला.

परागनं सरांकडे पाहिलं. दहावीचा निकाल घेऊन घरी आलेला मुलगा बघतो, तसं.

सर अजून सारिकाकडेच बघत होते.

“तोडून झाल्यावर जबडा कुठं जातो?”

“कुठं म्हणजे, सर?” परागनं विचारलं. “तिथंच.”

 आल्यापासून मीही तिच्याकडेच बघत होते. बोलणं थांबलं की ती थुंकी गिळायची, आणि गिळताना हनुवटीखाली हळूच हात न्यायची. कानापुढची शीर सारखी हलत होती. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते आलेलं नव्हतं, ठेवलेलं होतं.

लग्नाला चार महिने झाले की ठेवलेलं हसू ओळखता येतं.

सर उठले. बरणीतून कापूस काढला आणि त्याच्या दोन बारीक वळकट्या केल्या.

परागला हसू आलं. सरांच्या या कापसाबद्दल मी ऐकून होते. कुणाच्याही जबड्याचं माप घ्यायच्या आधी सर दोन्हीकडच्या दाढांमध्ये कापूस ठेवतात आणि वीस मिनिटं काहीच करत नाहीत. विद्यार्थी म्हणायचे, सरांची झोप होते तेवढ्यात. पराग सुरुवातीला त्याच्या दवाखान्यात असं करायचा. मग यंत्र आलं. तोंडात कॅमेरा फिरवला की दोन मिनिटांत सगळे दात पडद्यावर. बाहेर पाच जण बसलेले असताना वीस मिनिटं कापूस कोण धरणार?

“सर, माप आहे माझ्याकडे. परवाच घेतलंय.”

“असू दे.”

“एकदम अचूक आहे.”

“असू दे की.”

सारिका खुर्चीत आडवी झाली. सरांनी कापूस ठेवला. “यावर हलकेच दात टेकव. दाबायचं नाही. डोळे मिट. तुझं काम संपलं.”



परागनं घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं. खोका उघडून प्लास्टरचे दात टेबलावर मांडले, जुने डावीकडे, नवे उजवीकडे, आणि नव्यांचं तोंड सरांकडे केलं.

सर खिडकीबाहेर बघत होते. झोपले मात्र नव्हते.

सात-आठ मिनिटांनी सारिकाचा हात हनुवटीवरून खाली आला. मग खांदे खाली आले. कानापुढची शीर थांबली. मला वाटलं, तिला झोप लागली.

वीस मिनिटं झाली…

सरांनी कापूस काढला. “डोळे उघडू नको. दात मिटू नको. मी हलवतो, तू नुसती पडून राहा.”

त्यांनी दोन बोटांनी तिची हनुवटी धरली आणि हळूहळू वरखाली केली. एकदा. चारदा. दहादा. मग जबडा आपला आपण वर आला आणि मागची एक दाढ वरच्या दाढेला टेकली.

“थांब. तिथंच.”

सर बाजूला झाले.

“पराग, बोट घाल.”

परागनं हातमोजा चढवला. वाकला. वरच्या दातांच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये त्याचं बोट गेलं. अडलं नाही. अख्खं गेलं.

तो तसाच वाकून राहिला. मग एकदम सरळ झाला, आणि दवाखान्यात रोज बोलतो त्या आवाजात बोलला.

“सारिका, छान मिट बघू.”

तिनं डोळे उघडले. जबडा सुळकन पुढं आला. दातावर दात. फट नाहीशी.

“हे बघा, सर!” पराग आनंदानं म्हणाला.

मग त्याला ते दिसलं.

“पुन्हा म्हण,” सर म्हणाले.

परागनं हातमोजा काढला.

 सारिकाला काहीतरी बिनसलं एवढं कळलं होतं, आणि ती आणखीच नीट मिटून बसली होती.

“तू जबडा पुढं धरून ठेवतेस?” परागनं विचारलं.

“…हो, सर.”

“केव्हापासून?”

“तारांना ती जबडा पुढं ओढायची रबरं लावल्यावर दोन-तीन महिन्यांनी. तुम्ही म्हणायचा ना, छान मिट. मी जरा पुढं घेतला तर तुम्ही शाब्बास म्हटला. मग पुढच्या वेळी आणखी जरा घेतला.”

“दुखत नाही?”

“दुखतंय की. संध्याकाळी इथं ठणकतं.” तिनं कानापुढं बोट लावलं. “भाकरी चावत नाही. आमटीत भिजवून खाते. लईच झालं तर गोळी घेते.”

“मग दोन वर्षं सांगितलं का नाहीस? फसवलंस तू मला!”

“फसवलं नाही, सर.” तिचा आवाज बारीक झाला. “तुम्ही खूश व्हायचा. फोटो काढायचा, बाकीच्या पेशंटना दाखवायचा. मला वाटलं, आता नाही जमलं म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल.”

परागनं खुर्चीची कड धरली.

 सर टेबलाशी गेले, परागनं आणलेल्या पाकिटातून सारिकाच्या जबड्याचा सहा महिन्यांपूर्वीचा एक्स-रे काढला आणि त्याच्या हातात दिला.

पराग खिडकीशी गेला आणि फिल्म उजेडात धरली. हे त्याचं आवडतं चित्र. दात कसे एकमेकांवर बसलेत, ते भाषणात याच चित्रावर बोट ठेवून सांगायचं होतं. आता त्याचं बोट दातांवरून निघालं आणि कानाकडे सरकलं. खालच्या जबड्याचं टोक तिथं हाडाच्या खोबणीत बसलेलं असतं. सारिकाचं टोक खोबणीच्या बाहेर होतं. मलाही दिसलं, आणि मला यातलं काही कळत नाही.

“फोटोत होतंच हे,” तो म्हणाला.

“होतं.”

“आज तारा काढल्या असत्या तर…”

“तर तिला तो जबडा जन्मभर हातानं धरल्यासारखा धरावा लागला असता. झोपेत सुटला असता. सकाळी पुन्हा धरायचा.”

पराग बराच वेळ खिडकीशी उभा होता. परत आला तेव्हा तो खुर्चीशेजारी उभा राहिला नाही. स्टूल ओढून सारिकाच्या समोर बसला. तिच्याहून जरा खालीच.

“सारिका, सोड तो. मागं जाऊ दे.”

तिनं आधी मुजावरसरांकडे पाहिलं, मग सोडला. हनुवटी मागं गेली. दात पुढं दिसायला लागले.

“ऐक. तुझा जबडा मी पुढं आणलाच नाही. मला वाटलं मी आणला. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर होतं. रबरांनी खालचे दात तेवढे पुढं कलले. आता ते आधी परत मागं न्यायचे, त्यांच्या हाडावर उभे करायचे.”

“म्हणजे फट वाढणार?”

“वाढणार. आधीपेक्षाही जास्त दिसेल. सात-आठ महिने. मग ऑपरेशन. खालचं हाड खरोखर पुढं आणायचं आणि तिथं पक्कं करायचं. त्यानंतर दीडेक महिना पातळ खायचं. पुन्हा काही महिने तारा.”

“आणि मग दोरा?”

“मग बहुतेक तुटेल. धरून न ठेवता.” तो जरा थांबला. “बहुतेक म्हणतोय मी. आणि ऑपरेशन नको वाटलं तर नको. पण तेव्हाही जबडा धरायचा नाही.”

लग्न झाल्यापासून परागच्या तोंडून ‘बहुतेक’ हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

सारिका विचार करत होती. जबडा मागंच होता. ती दोन्ही हातांनी कानापुढं चाचपून बघत होती, काहीतरी हरवल्यासारखी.

“थांबलंय,” ती म्हणाली.

“काय?”

“ठणकायचं. आत्ता नाहीये.”

परागनं स्टूल मागं सरकवलं.

“घरी विचारून सांगते, सर,” ती उठली. “दुकानात पण सांगायला पाहिजे. फट वाढणार म्हटल्यावर पोरी काय सोडतात मला! आता लग्नात दोन कात्र्या मिळणार.”

आणि ती हसली. दात पुढं, हनुवटी मागं, मोठ्यानं. हात तोंडावर नेला नाही. मग सरांच्या पाया पडली, मला “येते वहिनी” म्हणाली आणि गेली. परागनं पुढची तारीख दिली नव्हती. तिनंही मागितली नाही.

पराग प्लास्टरचे दात खोक्यात भरायला लागला. यावेळी खोका त्यानं स्वतःच्या काखेत घेतला.

“परिषदेला नाव दिलंय, सर. काढून घेतो.”

“का? जा की. हीच केस मांड.”

“ही? फसलेली?”

“तिच्या तोंडात तारा अजून आहेत ना?”

“आहेत.”

“मग फसली कुठं?”

पराग दारापर्यंत गेला. चप्पल घातली, एकच. दुसरी पायात न घालता तो रस्त्याकडे बघत राहिला. सारिका कोपऱ्यावर रिक्षावाल्याशी बोलत होती. इतक्या लांबून शब्द कळत नव्हते, पण घासाघीस तीच जिंकत होती हे कळत होतं.

“दोन वर्षं वाया घालवली मी तिची,” तो म्हणाला. “सर… ती परत येईल का?”

मुजावरसर कापसाच्या बरणीचं झाकण लावत होते.

“परत?” ते म्हणाले. “ती तर आज पहिल्यांदा आली.”