दारापुढच्या चपला

"पण दाराआड काय ठेवू, अण्णा? तेवढंच सांगा."

अण्णा केंजळे सेटवरच्या बोळात खुर्ची टाकून सुपारी कातरत बसले होते. भयपटांची नेपथ्यं उभारण्यात त्यांची हयात गेली होती.

हेरंब त्यांचा शिष्य. सिनेमातल्या भीतीवर प्रबंध लिहून डॉक्टर झालेला, आणि आता पहिलाच चित्रपट करायला निघालेला. सकाळी निर्माता सेट बघून गेला होता. याच बोळात उभा राहून पोट धरून हसला होता. उद्या शूटिंगच्या वेळीही त्याला हसू आलं, तर चित्रपट दुसऱ्याच्या हाती जाणार होता.

"कवट्या आहेत, कोळिष्टकं आहेत, लाल दिवा आहे. आणखी काय हवं?"

"जत्रेतला भुताचा तंबू केलायस, डॉक्टर. काढ ते सगळं. मग जेवून ये."

...

जेवून आल्यावर हेरंबनं स्टुडिओच्या दाराबाहेर चपला काढल्या. पूजा झाली की सेटवर अनवाणी यायचं, हा अण्णांचा शिरस्ता.

बोळ आता उघडाबोडका होता. साधा पिवळा दिवा. ओळीनं एकसारखी हिरवी दारं. आणि दारापुढे चपलांचा एकेक जोड, कपडेपटातून आणलेला.

हेरंबला हसू आलं. "अण्णा, हे तर हळदीकुंकवाचं घर वाटतंय!"

"शेवटच्या दारापर्यंत जाऊन ये."

तो निघाला. दार, चपला. दार, चपला. सगळ्या काळ्या पट्ट्याच्या, डावी टाच झिजलेली, पुढची टोकं दाराकडे. आपल्याही अशाच आहेत, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि हसू ओसरलं.

प्रत्येक दारानं कुणीतरी आत गेलं होतं. प्रत्येक दारानं तेच कुणीतरी.

दार, चपला. दार, चपला.

शेवटच्या दारापुढे काहीच नव्हतं.

त्याचे पाय थबकले.

"अण्णा... इथल्या चपला?"

मागे सुपारी कातरल्याचा आवाज थांबला.

"दार उघडून बघ."

"आत काय बघायचं? खोलीच नाही. मीच बांधून घेतलंय. प्लायवूड, आणि मागे टेकू."

"मग उघड की."

त्यानं हात उचलला. कडीपासून वीतभरावर तो हात तसाच राहिला. मागे नुसते टेकू आहेत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

...ठाऊक होतं ना?

निर्माता, उद्याचं शूटिंग, सकाळचं ते हसणं, काही म्हणजे काही त्याच्या मनात उरलं नव्हतं. समोर फक्त दार होतं.

"नाही उघडवत, अण्णा." आपलाच आवाज त्याला परका वाटला. "सांगा ना... इथल्या चपला कुठं गेल्या?"

"मला काय विचारतोस? अनवाणी तू आहेस."