गोमीचं तळं

फार फार वर्षांपूर्वी, खाडीने अजून आपला काठ ठरवलेला नव्हता तेव्हा, आमच्या खारेपट्टीत गोमी नावाची बाई राहत होती. तिने काठीने चिखलात रेघ ओढली, की भरतीचं पाणी त्या रेघेपाशी येऊन थांबायचं, असं म्हणतात. हसू नका, तळं आखायला बसाल तेव्हा कळेल.

गावाला जिताड्याचं तळं हवं होतं. पावसाळ्यात जिताड्याची पिल्लं भरतीबरोबर आत येतात, त्यांना कोंडून वाढवायचं. गोमीचा थोरला भाऊ हाशा याने दोनदा बांध घातला आणि दोनदा तो फुटला. मासे गेलेच, वर खारं पाणी भातात शिरलं. तिसऱ्यांदा फुटला तर गाव उठून दुसरीकडे जाणार, हे ठरलेलं होतं.

म्हणून या खेपेला तळं गोमीने आखलं. पावसाळाभर ती भरतीमागे चिखलात काठ्या रोवत फिरली. तिने बांध खाडीच्या वळणाआड घेतला, त्यात उघाडी, म्हणजे पाणी ये-जा करायची वाट ठेवली, उघाडीला वरून सोडायची फळी आणि आत कामट्यांची जाळी बसवली.

पुढच्या पावसाळ्यात पिल्लं आत आली, वाढली. मग पुनवेचं उधाण आलं. भर दुपारी खाडी फुगली आणि बांध थरथरायला लागला. हाशा फळीचा दोर धरून उभा होता.

"गोमे, फली टाकतू! बांद जाल!"

"नको दादा! दोनदा पान्याला अडवलंस मनून फुटला. आत येवंदे. दोनी बाजूला सारका झाला का बांद रातो."

तेवढ्यात जाळी तुटली. जिताडे नेहमी वाहत्या पाण्याच्या तोंडावर चढतात, ते सगळे उघाडीकडे धावले. हाशाने दोर सैल केला. आणि गोमी उघाडीत उतरली. लुगड्याचा पदर तिने उघाडीच्या दोन्ही खांबांना बांधला, जाळीसारखा आडवा ताणला आणि स्वतः मधे उभी राहिली. आता फळी टाकायची तर बहिणीच्या डोक्यावर. हाशाने दोर पुन्हा आवळला.

पाणी तिच्या छातीला लागलं, मग गळ्याला. तळ्यातले जिताडे तिच्याभोवती गोल फिरत राहिले, एकही बाहेर गेला नाही, असं म्हणतात. पाणी डोक्यावरून गेलं. बांध थरथरायचा थांबला.

खाडी क्षणभर स्थिर झाली. आता ओहोटी लागली की सगळे मासे जाणार.

"दादा, टाक!" पाण्यातून आवाज आला.

हाशाने दोर खुंटाला बांधला, उडी घेतली, तळ चाचपला. खांबांना पदराच्या गाठी होत्या, गोमी नव्हती. तो रडत वर आला आणि त्याने फळी टाकली.

गाव उठलं नाही. आजही मोठ्या उधाणाला तिथे उघाडी उघडी ठेवतात. पाणी दोन्हीकडे सारखं झालं की दोर धरणारा ओरडतो, "गोमे, टाकू?" उत्तर येत नाही. तरी तो लगेच फळी सोडत नाही. तिला बाहेर यायला थोडा वेळ द्यायचा असतो.