बाईंच्या बांगड्या

फार जुनी गोष्ट आहे, लेकरांनो, आणि लेकरांच्या आईबापांनो, तुम्हीही ऐका. इतकी जुनी की त्या गावाचं नाव आता कुणाला आठवत नाही. नदीच्या वळणावर दगडी भिंतींचं एक लहानसं देऊळ होतं, प्रभू येशूचं. त्याच्या अंगणात चिंचेखाली दर रविवारी मुलांची शब्बाथशाळा, म्हणजे देवाधर्माची शाळा, भरायची.

सात वर्षं ती शाळा चालवणाऱ्या बाईंचा सगळीकडे दबदबा होता. आसपासची माणसं म्हणायची, “शिस्त बघावी तर या बाईंची!” वीस पोरं चटईवर बसायची. बाई म्हणायच्या, “हात जोडा, डोळे मिटा.” की झालं, पानही हलायचं नाही. कुणाचा डोळा किंचित किलकिला झाला, तर तो अंगणाच्या टोकाला उन्हात उभा. वर त्या दिवशी गूळ-शेंगदाणेही नाहीत.

आता वीस पोरांचे डोळे सांभाळायचे म्हणजे काय चेष्टा आहे? बाई प्रार्थना तोंडानं म्हणायच्या आणि रांगांमधून फिरायच्या, डोळ्यांत तेल घालून. हातातल्या काचेच्या बांगड्या किणकिणायच्या. आईबाप तर खूशच होते. लेकरांना देवाचं सगळं बाई शिकवतात म्हटल्यावर घरी कुणी गुडघे टेकायचे कशाला?

एकदा देवळाचे म्हातारे पाळकबुवा चिंचेखाली टेकले होते. ते म्हणाले, “बाई, पोरं डोळे मिटतात ते छान. पण मिटल्यावर आत काय करतात, कधी विचारलंत का?”

बाई हसून म्हणाल्या, “बुवा, आधी मिटू तर देत!”

बुवाही हसले आणि काठी टेकत निघून गेले.

बाईंची लेक रिबका नऊ वर्षांची होती. सगळ्या शाळेत तिच्यासारखे डोळे कुणी मिटत नसे. बाईंना तिचा केवढा अभिमान! रिबकाच्या पाठचा ओबेद अजून रांगत होता. एका उन्हाळ्यात त्याला ताप भरला. एक दिवस झाला, दोन झाले, ताप उतरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी बाप वैद्याला आणायला नदीपलीकडे गेला. दुपारपर्यंत बाळानं दूधही सोडलं. नुसतं कण्हत पडलं होतं.

बाई घडीघडी ओल्या पट्ट्या बदलत होत्या. त्या रिबकाला म्हणाल्या, “बाळा, तू प्रार्थनेला बस. तुझ्याइतकी नीट कुणाला येत नाही. बस गं माझी बाय.”

रिबका कोपऱ्यात बसली. हात जोडले, डोळे मिटले, जराही हलली नाही. तिच्याकडे बघून बाईंना तेवढाच धीर आला. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “प्रभूजवळ काय मागितलंस गं?”

रिबकानं डोळे उघडले. “मागायचं असतं?”

“म्हणजे? इतका वेळ काय करत होतीस?”

“तुझ्या बांगड्या ऐकत होते. आवाज जवळ आला की डोळे आणखी घट्ट मिटायचे, लांब गेला की जरा सैल सोडायचे. आम्ही सगळेच तसं करतो, आई.”

रिबका जरा पुढे सरकली आणि हळूच म्हणाली, “आई, देवसुद्धा असाच फिरतो का गं? कुणाचे डोळे उघडे आहेत ते बघत?”

अरे देवा! एक लेकरू तापानं हातचं जाऊ पाहत होतं, आणि हे दुसरं धडधाकट लेकरू, त्याला तर प्रभू कधी भेटलाच नव्हता. तेही बाईंच्याच शाळेत, त्यांच्या डोळ्यांदेखत.

बाई बाळाच्या अंथरुणाशी गुडघे टेकून बसल्या. डोळे मिटले. पण शब्दच येईनात. रविवारी तोंडातून घडाघडा निघणारं एकही वाक्य त्यांना आठवेना. सात वर्षांत प्रार्थनेच्या वेळी आपण एकदाही डोळे मिटले नाहीत, हे त्यांना तेव्हा उमगलं आणि त्यांना रडू कोसळलं.

“प्रभू,” त्या कशाबशा म्हणाल्या, “मला फार भीती वाटतेय रे. माझ्या दोन्ही लेकरांना सांभाळ. मी चुकले.”

रिबका टक लावून आईकडे बघत होती. आईला असं कुणाशी बोलताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. समोर कुणीतरी बसलंय आणि ते ऐकतंय, असं आई बोलत होती. ती आईजवळ आली, तिच्या कुशीत शिरली आणि म्हणाली, “प्रभू, आमच्या ओबेदला नेऊ नकोस. त्याला अजून चालतासुद्धा येत नाही.”

तिन्हीसांजेला वैद्य आला. त्याच्या काढ्यानं म्हणा, प्रभूच्या दयेनं म्हणा, चौथ्या दिवशी बाळाला घाम फुटला आणि ताप उतरला. बाप देवळात जाऊन घंटा वाजवून आला.

पुढच्या रविवारी बाई चिंचेखाली आल्या त्या बांगड्या घरी काढून ठेवून, मोकळ्या हातांनी. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. बाई म्हणाल्या, “पोरांनो, सात वर्षं मी तुमच्या डोळ्यांवर पहारा केला. त्यात माझीच प्रार्थना राहून गेली, आणि तुम्हाला मी प्रार्थना शिकवलीच नाही. मला माफ करा. आज कुणी उन्हात उभं राहायचं नाही.”

असं म्हणून त्या चटईवर, पोरांच्याच रांगेत, गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

पोरं बघतच राहिली. सगळ्यांचे डोळे टक्क उघडे! बाई एकेकाचं नाव घेऊन प्रभूशी बोलत होत्या. शिमोन नावाचा एक द्वाड मुलगा होता, निम्मे रविवार उन्हातच काढायचा. त्याचंही नाव आलं. “प्रभू, आमच्या शिमोनला आईची फार आठवण येते. ती तुझ्याकडे आहे. त्याला तूच जवळ घे.” शिमोननं ओठ दाबून धरले. मग त्यानं आपणहून डोळे मिटले. त्याच्यामागे दुसऱ्यानं, मग तिसरीनं. पोरांना न्यायला आलेला एक बाप फाटकाशी थांबला होता. त्यानं चपला काढल्या आणि तो आत येऊन आपल्या मुलीशेजारी बसला.

घरी जाताना रिबका म्हणाली, “आई, आज तुझे डोळे पहिल्यापासून शेवटपर्यंत मिटलेले होते.”

“तुला कसं कळलं?”

“मी बघत होते ना!”

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिचा हात घट्ट धरला आणि दोघी घराकडे चालू लागल्या.

बोध एवढाच: लेकराला प्रभूपाशी न्यायचं असेल तर आधी आपण प्रभूपुढे गुडघे टेकावेत, कारण लेकरू आपल्याकडे बघत असतं.