निळा मासा आणि रेतीतल्या गोगलगायी

काचेच्या एका मोठ्या टाकीत, खाऱ्या पाण्यात, प्रवाळांच्या शेजारी एक निळा मासा राहत असे. दिसायला देखणा, तोंडाने फटकळ आणि अकलेने पार रिकामा. मुलांनो, याची गोष्ट मी शांतपणे सांगणार होतो, पण ते काही मला जमायचे नाही. या माशांत अंडी राखण्याचे काम बापाचे असते. म्हणून त्याने एका दगडाचा पायथा, रेतीला अगदी लागून, हेरून ठेवला होता. आपली पिल्ले इथेच जन्मावीत आणि सगळी जगावीत, एवढा एकच ध्यास त्याला लागला होता. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

पण त्या रेतीत आधीपासून गोगलगायी राहत होत्या. अंग रेतीत पुरलेले, फक्त सोंडेचे टोक वर. माशाच्या तोंडून सांडलेला घास, त्याची विष्ठा, कुजलेले शेवाळ, सगळे त्या खात आणि खालीवर फिरताना रेती हलती ठेवत. बारीक किडेही त्यांच्या जोडीला हेच काम करीत. त्यांचे आभार कोणी मानले नाहीत ते नाहीतच, उलट एक दिवस मासाच त्यांच्यावर ओरडला, "ए, उठा इथून! माझी पिल्लं जन्मायची आहेत इथे. घाण खाणाऱ्यांचा शेजार नको मला."

म्हातारी गोगलगाय म्हणाली, "अरे, घाण तुझीच आहे. आम्ही ती फक्त खातो."

"तोंड सांभाळ!" असे म्हणून त्याने तिच्या सोंडेचा लचका तोडला. लाज नाही, शरम नाही! किडे तर त्याने एकेक वेचून गिळले. मग सगळ्या गोगलगायी काच चढून टाकीमागच्या, पाणी गाळायच्या कप्प्यात निघून गेल्या. पुढे दोन महिने हे महाशय स्वच्छतेच्या फुशारक्या मारत फिरले. खायचे तेवढे खाल्ले, सांडायचे तेवढे सांडले. वरून रेती पांढरी दिसत होती, आणि खाली बघण्याची सवय त्याला नव्हती.

अखेर त्याच्या मादीने त्या दगडावर दोनशे अंडी घातली. अंड्यांना शेपटीने वारा घालताना माशाचे लक्ष सहज काचेकडे गेले. रेतीच्या पोटात हातभर लांब काळा पट्टा पसरला होता. त्याची पाचावर धारण बसली. तो धावत मागच्या कप्प्याच्या जाळीशी गेला आणि म्हणाला, "चला, ते काळं काढा आधी!"

म्हातारी आतूनच म्हणाली, "कुजकी रेती आहे ती. तिच्यात विषारी वायू साठलाय. आम्हाला येऊ दे, कडेकडेने रोज थोडी हलवू. पण तू एकदम उकरू नकोस."

"आता तुम्ही मला शिकवणार?" मासा खेकसला. तो तसाच परतला आणि शेपटीच्या फटकाऱ्यांनी सगळी काळी रेती एका दमात उकरून काढली. भसाभस बुडबुडे उठले. नासक्या अंड्यासारखी घाण पाण्यात पसरली. मासा गुदमरत वर पळाला आणि गाळलेले पाणी टाकीत पडते त्या धारेखाली जीव धरून राहिला. अंड्यांना पळता येत नाही. दोन तासांत ती दोनशेच्या दोनशे पांढरीफटक पडली.

गोगलगायी हळूहळू बाहेर आल्या. मासा रडत म्हणाला, "एवढं विष होतं खाली, मला आधी का नाही सांगितलंत?"

म्हातारी इतकी कधीच चिडली नव्हती. "सांगितलं नाही? घाण तुझीच आहे म्हटलं म्हणून तर तू माझी सोंड तोडलीस, आणि एकदम उकरू नकोस म्हटलं तर खेकसलास! आमचे किडे गिळलेस, आमचं घर घेतलंस, आणि आता दोषही आम्हालाच? ऐक. ही मेलेली अंडीसुद्धा आता आम्हीच खाणार आहोत. ती इथे कुजली तर तूही मरशील. बाजूला हो."

मासा बाजूला झाला.

तात्पर्य : आपली घाण जे मुकाट्याने निस्तरतात, त्यांनाच घाणेरडे ठरवून हाकलणारा स्वतःच्या लेकरांच्या जिवावर उठतो.