गुडघ्यांवर बसणारा माहूत

फार जुन्या काळी, डोंगरांनी वेढलेल्या एका राजधानीत एक कासारीण राहत होती. घरोघरी बांगड्या भरून ती पोट भरायची. तिला एकच मुलगा, म्हाळू. म्हाळू लहान असतानाच त्याची उंची वाढायची थांबली. पुढे त्याला मिसरूड फुटलं, आवाज भारदस्त झाला, पण आईशेजारी उभा राहिला की तो तिच्या कमरेलाच लागायचा.

रस्त्याने निघाला की लोक हसायचे. पोरं मागे लागायची. म्हाळू मान खाली न घालता चालत राहायचा, कारण त्याला कुठं जायचं ते ठाऊक असायचं. तो जायचा नदीवर. संध्याकाळी राजाचे हत्ती तिथे अंघोळीला यायचे. पाण्यात डुंबणाऱ्या त्या डोंगराएवढ्या जनावरांकडे तो तासन्‌तास बघत बसायचा. माणूस एवढासा आणि हत्ती एवढा, तरी हत्ती माणसाचं ऐकतो, याचं त्याला भारी नवल वाटायचं. आपण माहूत व्हायचं, हे त्याने तिथेच ठरवलं.

एके दिवशी तो हत्तीखान्यात गेला आणि माहूत घडवणाऱ्या म्हाताऱ्या वस्तादांच्या पाया पडून म्हणाला, "मला माहूत व्हायचंय."

वस्ताद म्हणाले, "पोरा, माहुताचे पाय हत्तीच्या कानांमागे टेकावे लागतात. अंगठ्याने दाबून त्याला वळवायचं असतं. तुझे पाय तिथवर पोचायचे नाहीत."

"मग दुसऱ्या कशाने तरी वळवीन."

"कशाने?"

"ते अजून ठाऊक नाही, वस्ताद. पण मला इथे राहू द्या. शोधून काढीन."

वस्तादांना त्याच्या बोलण्याची गंमत वाटली. त्यांनी त्याच्या हातात खराटा दिला. म्हाळू लीद काढू लागला, चारा वाहू लागला. जाड कातडीची, जरा हट्टी अशी शेवंती नावाची एक हत्तीण होती. तिच्या पायांच्या भेगांत तो रोज तेल घालायचा. हळूहळू शेवंती त्याला ओळखू लागली. तो आला की सोंडेने त्याचं डोकं चाचपायची.

एवढ्यात राजवाड्यातून कारभारी घरी आला. राजाला नवा विदूषक हवा होता. म्हाळूच्या आईला आनंद झाला. ती म्हणाली, "अरे, अंगावर रेशीम येईल. रोज राजाच्या पंगतीचं जेवशील. लीद काढण्यापेक्षा काय वाईट?"

म्हाळू म्हणाला, "आई, लोक मला बघून हसतात ते मी रोज सोसतो. पण घरी आलो की ते दाराबाहेर राहतं. तेच माझं काम झालं, तर मग मी कुठे जाऊन बसू?"

 आईने कारभाऱ्याला हात जोडून परत पाठवलं.

पण हत्तीवर बसायचं कसं, ते काही केल्या जमेना. शेवंती सोंडेने उचलून मानेवर ठेवायची, तिथवर ठीक. पुढे म्हाळूचे पाय अधांतरी लोंबकळायचे. शांत वेळी ती त्याच्या आवाजावर चालायची, पण ढोल वाजू लागले की आवाज तिच्या कानापर्यंत जात नसे. तो कितीदा तरी पडला. एकदा खांद्याचं हाड मोडलं आणि तो अंथरुणाला खिळला. तेव्हा मात्र त्याचा धीर सुटला. भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, "आई, लोकांचंच खरं असेल का गं?"

आई म्हणाली, "खांदा बरा होईपर्यंत लोकांचं खरं. मग उठ आणि बघ."

पडल्या पडल्या तो विचार करत राहिला. लांब पाय आपल्याला यायचे नाहीत. मग जे आहे त्याचं काय करता येईल?

खांदा भरून आला. तो शेवंतीच्या मानेवर चढला आणि या वेळी बसला नाही. त्याने गुडघे टेकले. पाय मागे दुमडले, मानेभोवतीचा दोर धरला आणि दोन्ही गुडघे तिच्या कानांमागे रोवले. उजवा गुडघा दाबला. शेवंती थबकली. परत दाबला. ती सावकाश वळली.

म्हाळू हसत हसत रडला.

गुडघे सोलपटून निघायचे. आईने जुन्या गोधडीचे तुकडे शिवून त्यांवर बांधायला दिले. वस्ताद बघायला आले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "असं बसायची रीत नाही."

"रीत लांब पायांच्या माणसांनी पाडली, वस्ताद. तिच्यात माझं माप धरलेलं नव्हतं."

वस्तादांनी त्याच्या गुडघ्यांवरचे गोधडीचे तुकडे चाचपून बघितले. मग म्हणाले, "दसऱ्याला नवे माहूत राजासमोर उभे राहतात. त्यांच्यात तूही ये."

दसरा उजाडला. शेवंतीला झूल चढवली, पाठीवर हौदा बांधला. म्हाळू तिला घेऊन राजवाड्यासमोर आला, तेव्हा गर्दीत एकच हशा पिकला. राजाही पोट धरून हसला. "वा! असा खेळ तर रोज व्हावा!" तो म्हणाला. "याला घुंगरांची टोपी द्या. तू टोपी घाल, हत्तिणीवर उलट्या तोंडाने बस आणि मिरवणुकीत चल. तसं केलंस तर हत्तीण कायमची तुझ्याकडे दिली."

टोपी पुढे आली. म्हाळूच्या मनात आलं, शेवंती कायमची आपली! नुसती टोपी तर घालायची. एक दिवस लोक हसतील, ते काय नवीन आहे?

त्याने शेवंतीच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "महाराज, क्षमा करा. टोपी घातली तर हत्तिणीवर विदूषक बसेल. मी माहूत व्हायला आलोय."

हसू थांबलं. राजाला राग आला. "असं? मग मी स्वतः तुझ्या हत्तिणीवर बसतो. मिरवणूक वेशीपर्यंत नेऊन दाखव. चुकलास तर हत्तीखान्यात परत पाऊल ठेवायचं नाही."

"जशी आज्ञा," म्हाळू म्हणाला.

राजा हौद्यात बसला. नगारे झडू लागले. लोक परत खिदळू लागले. मिरवणूक बाजारपेठेत आली आणि किल्ल्यावरून सलामीची तोफ धडाडली. शेवंती दचकली. सोंड उचलून ती गर्दीकडे वळली. बायामाणसं किंचाळली, पोरं आयांना बिलगली. त्या गोंधळात आवाज देऊन उपयोग नव्हता. म्हाळूने दोन्ही गुडघे रोवले. डावा दाबला, सारं बळ लावून दाबला. त्याचे गुडघे रक्ताळले. शेवंतीने एक पाऊल पुढे टाकलं, मग ते मागे घेतलं आणि ती वळून रिकाम्या चौकात उभी राहिली. म्हाळू तिच्या डोक्यावर पालथा पडला आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "काही नाही गं बाई, काही नाही. मी आहे ना."

तिचं थरथरणं थांबेपर्यंत तो तसाच राहिला. मग परत गुडघ्यांवर ताठ झाला आणि मिरवणूक पुढे निघाली. आता कुणीही हसत नव्हतं. बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन आई गर्दीत उभी होती. शेजारणीला ती मोठ्याने सांगत होती, "तो माझा मुलगा. राजाचा माहूत."

वेशीवर राजा खाली उतरला. "मी तुला हसलो, ते चुकलं," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "माग, काय हवं?"

म्हाळू म्हणाला, "शेवंती घाबरलीय, महाराज. तिला नदीवर न्यायची परवानगी द्या."

"ते आता मला विचारायचं नाही," राजा म्हणाला. "हत्तीण तुझ्या ताब्यात आहे."

म्हाळू पुढे हत्तीखान्याचा वस्ताद झाला. त्या नगरातली मुलं हत्ती-माहूत खेळायची, तेव्हा एकजण ओणवा व्हायचा आणि दुसरा ऐटीत त्याच्या पाठीवर गुडघे टेकायचा. माहूत असाच बसतो, अशी त्यांची खात्रीच होती.

तात्पर्य: आपल्याला मिळालेल्या देहानिशी, स्वतःवर विश्वास ठेवून आणि चिकाटीने, स्वप्नाकडे जायची आपली वाट शोधावी. मान गमावून मिळणारं यश दारात आलं, तरी ते घेऊ नये.