वैद्यबुवांचा तुटलेला नारू

भाविकहो, त्या वर्षी राघवगीर महाराजांचा मुक्काम चिंचखेड्यात, पायविहिरीजवळच्या महादेवाच्या देवळात होता. गावात नारूने कहर मांडला होता. दोऱ्यासारखा लांबलचक किडा पायाची कातडी फोडून बाहेर येई आणि धडधाकट माणूस अंथरुणाला खिळे.

गिरजा कोष्टीण महाराजांची भोळी भक्त. तिच्याही पायात नारू निघाला, तेव्हा महाराज म्हणाले, "गिरजे, सूत गुंडाळतेस तसा काडीवर गुंडाळ. रोज थोडा. ओढू नकोस, नाम घे."

ती देवळाच्या ओट्यावर बसून तसंच करी. वामनशास्त्री वैद्य जाता-येता हसत, "काय गं, आज देव किती बोटं बाहेर आला?" गिरजेचे डोळे भरून येत, पण तिने काडी सोडली नाही. एकविसाव्या दिवशी नारू सबंध निघाला!

पुढच्याच महिन्यात शास्त्रीबुवांच्या घोट्यात नारू दिसला. लेप झाले, काढे झाले. शेवटी वैतागून त्यांनी एक हिसडा दिला आणि तो आतच तुटला. पाय सुजून खांबासारखा झाला, अंग तापाने फणफणलं. त्यांच्या पत्नी उमाबाई रडत देवळात आल्या, "महाराज, माझं कुंकू राखा!"

महाराजांनी अंगारा गिरजेच्या हातावर ठेवला. "तू जा."

गिरजा चरकली. "मी अडाणी बाई, महाराज. आणि ते तर मला हसतात."

"म्हणून तर तूच जा. तुझ्या बोटांत मी आहे."

तिने शास्त्रीबुवांच्या घरी जाऊन त्यांच्या घोट्याला अंगारा लावला, डोळे मिटून महाराजांना हाक मारली. आणि काय आश्चर्य! आत दडलेलं टोक आपसूक जखमेच्या तोंडाशी आलं! घटकाभरात ताप उतरला. मग नऊ दिवस गिरजा रोज येऊन काडी फिरवत होती. शास्त्रीबुवा मान खाली घालून बसत. चौथ्या दिवसापासून तेही हळूच नाम घेऊ लागले.

पाय बरा होताच ते देवळात आले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराज म्हणाले, "उठा शास्त्रीबुवा. गाव तुमचं ऐकतं. नारू पाण्यातून येतो. विहिरीत कुणी उतरू नये, पाणी दुहेरी फडक्याने गाळून प्यावं, एवढं घरोघर सांगा. हीच माझी पूजा."

"सांगतो, महाराज," म्हणत शास्त्रीबुवा वळले आणि भर देवळात गिरजेपुढे वाकले. ती लाजून पाय मागे घेऊ लागली, तोवर त्यांचं मस्तक तिच्या पायांवर टेकलं होतं.